बॉस्टनमधल्या रॉक्सबरीच्या आंटींना, पप्पांच्या अंत्यविधीला तुम्ही पुढे येऊन बसलात म्हणून

आदरणीय आंटी,

सलाम. तुम्हाला मराठी येत नाही हे माहितीय, तरी मराठीतच लिहितेय. इंग्लिशमध्ये थँक यू म्हणून झालं, त्या दिवशी चर्चच्या दारात म्हटलं, नंतर कार्ड पाठवलं, आणि दोन्ही वेळा वाटलं की मनातलं काहीच पोचलं नाही. शिवाय हे आमच्या लोकांनी वाचावं असं फार वाटतं, नगरच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या, आणि इथे बॉस्टनच्या आसपास राहणाऱ्यांनी तर नक्कीच. तुम्हाला माझी लेक वाचून दाखवेल, रविवारी भक्ती झाली की.

आधी ती गोष्ट सांगते जी मला अजून झोपू देत नाही. पप्पांची शवपेटी आत आणली, मागून मी, नवरा आणि लेक असे तिघंच. घरच्यांसाठी पुढचे दोन अख्खे बाक राखून ठेवलेले. भावाचा व्हिसा झाला नव्हता, तो नगरहून फोनवर बघत होता, तिकडे रात्र. आमच्याकडे कुणी गेलं तर दारात चपला ठेवायला जागा राहत नाही हो, सगळं गाव येतं, भांडलेले सुद्धा येतात. आणि इथे माझ्या बापामागे तीन माणसं. तेवढ्यात तुम्ही चौथ्या-पाचव्या रांगेतून उठलात, तुमच्याबरोबर तुमच्या त्या सगळ्या मैत्रिणी, टोप्या घातलेल्या, काठ्या टेकत, आणि घरच्यांच्या बाकावर येऊन बसलात. कुणी बोलावलं नव्हतं. कुणाला विचारलंही नाहीत. बाक भरला, मागचाही भरला, तुम्ही माझ्या शेजारी होतात आणि पहिलं गायन सुरू झाल्यावर पुस्तक माझ्यापुढे धरलंत कारण माझे हात थरथरत होते. बस्स, एवढंच. पण भाऊ सांगतो की फोनच्या त्या छोट्या स्क्रीनवर त्याला पुढची रांग भरलेली दिसली आणि तेव्हा कुठे तो रडला.

आता थोडं कडू बोलते, कारण ते बोलल्याशिवाय तुमचं मोठेपण कळणार नाही. पप्पा इकडे आले तेव्हा आम्ही त्यांना आमच्या सबर्बमधल्या चर्चला न्यायचो. सुंदर चर्च, दगडी, काचेच्या खिडक्या बघत राहाव्या अशा, दाराबाहेर सगळ्यांचं स्वागत असल्याची मोठी पाटी. पप्पा कोट-टाय घालून, बगलेत आपलं उपासना संगीत, म्हणजे आमचं मराठी गायनांचं पुस्तक, घेऊन जायचे, जरी तिथे त्यातलं एकही गायन होणार नव्हतं तरी. आम्ही बसलो की त्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही. शांतीचं अभिवादन करायची वेळ आली की लोक आपापल्या ओळखीच्यांना मिठ्या मारायचे आणि पप्पा हात पुढे करून उभे. कॉफीला एका बाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही ख्रिस्ती कधी झालात? पप्पा म्हणाले, मी नाही झालो, माझे पणजोबा झाले. त्या बाई हसल्या आणि दुसरीकडे गेल्या. त्यांच्या मनात काही वाईट नसेलही. पण ज्या माणसाने चाळीस वर्षं आपल्या गावच्या चर्चची पेटी वाजवली त्याला हे विचारायचं? आणि पप्पा गेल्यावर मी पहिला फोन त्यांनाच केला, तर नोंदणी आहे का, कॅलेंडर बघावं लागेल, परत फोन करतो. तो फोन अजून आलेला नाही. आमच्या मराठी ओळखीतले लोकही काही वेगळे वागले नाहीत, ग्रुपवर हात जोडलेले इमोजी भरपूर आले, माणूस एकही आला नाही. असो.

तुमच्या चर्चचा शोध पप्पांचाच. ऑरेंज लाइनने रगल्सला उतरून हॉस्पिटलला चाललो होतो, ट्रेमाँट स्ट्रीटवर पाटी दिसली, सेंट सिप्रियन्स. पप्पा थांबले. म्हणाले, अगं सिप्रियन म्हणजे कार्थेजचा बिशप, आफ्रिकेतला, 258 साली रक्तसाक्षी झाला, म्हणजे विश्वासासाठी मारला गेला, तो. त्यांना अशा गोष्टी पाठ असायच्या. पुढच्या रविवारी ते हट्टाने तिथे आले आणि दारात तुम्ही होतात, तुम्ही त्यांच्या बगलेतलं पुस्तक बघून विचारलंत, हे कुठल्या भाषेत आहे, एक म्हणून दाखवाल का. झालं. त्यानंतर त्यांना दुसरं कुठलं चर्च नकोच होतं.

तुमच्या चर्चची गोष्ट तुम्ही त्यांना हळूहळू सांगितलीत, दर रविवारी थोडी थोडी, आणि ती घरी आल्यावर ते मला सांगायचे, जेवण थंड होईपर्यंत. 1910च्या आसपासचे ते लोक, जमैका, बार्बाडोस, मॉन्टसेराट अशा बेटांवरून आलेले. युनायटेड फ्रूट कंपनीची केळ्यांची जहाजं जमैकाहून बॉस्टन बंदरात यायची, त्यातून कितीतरी जण आले. बायका श्रीमंतांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या, तुमची आजी त्यातलीच. सगळे पक्के अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या मंडळीतले, बाप्तिस्मा, दृढीकरण, प्रार्थनापुस्तक तोंडपाठ, घरी असताना चर्च म्हणजे आपलंच. इथे आल्यावर कळलं की इथल्या एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे त्याच मंडळीच्या अमेरिकेतल्या घरात, आपण नकोसे आहोत. मग एकमेकांच्या घरी जमून भक्ती करायला लागले. पुढे एका गोऱ्यांच्या चर्चची इमारत वापरायला मिळाली, त्यांचं आटोपल्यावर. आणि मग समजलं की आपण निघून गेलो की मागून ते लोक चर्चला धुरी देतात, जंतू मारायची. हो, काळी माणसं बसून गेली म्हणून! ज्या बाया आठवडाभर त्यांच्याच पोरांना भरवत होत्या, त्यांचीच भांडी घासत होत्या, त्या देवासमोर गुडघे टेकून गेल्या की जागा शुद्ध करायची.

आंटी, तुम्ही हे सांगितलंत तेव्हा मी तिथे होते. पप्पा खूप वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी तुम्हाला महाडचं सांगितलं. 20 मार्च 1927, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, हजारो लोकांनी घेतलं, आणि नंतर तिथल्या सनातन्यांनी 108 घागरी भरून पंचगव्य ओतलं तळ्यात, शेण, गोमूत्र, दूध, दही, तूप, पाणी शुद्ध करायला. ज्या तळ्यात गुरं पाणी प्यायची तिथे. नगर जिल्ह्यातले आम्ही बरेचसे ख्रिस्ती महार-मांग वाड्यातूनच आलेलो, पप्पांच्या आज्याने हे सगळं सोसलेलं, वेगळा पाणवठा, वेगळा रस्ता. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत होतात, तुम्ही रॉक्सबरीच्या आणि ते राहुरीचे, आणि दोघांच्याही आज्या-पणज्यांची गोष्ट त्याच काळातली. तुम्ही फक्त म्हणालात, त्यांच्याकडे धूर होता आणि तुमच्याकडच्यांकडे शेण. पप्पा हसले. मला नाही हसू आलं.

पण त्या लोकांनी काय केलं बघा. रुसून घरी बसले नाहीत, देवाला सोडलं नाही, पैसे जमवायला लागले. मोलकरणींचे, हमालांचे पगार, त्यातून विटा, आणि 1920च्या दशकात ट्रेमाँट स्ट्रीटवर स्वतःचं चर्च उभं केलं. त्यात नवीन आलेल्याला खोली कुठे मिळेल, काम कुठे आहे, हेही कळायचं. मला त्या बांधणाऱ्या बायकांचा इतका अभिमान वाटतो, माझं त्यांच्याशी काही नातं नसताना. की आहे?

आहे, कारण पुढे जे निघालं ते मी कधी विसरणार नाही. पप्पा नेहमीच्या अभिमानाने तुम्हाला म्हणाले की आम्ही एसपीजीवाले, म्हणजे सोसायटी फॉर द प्रोपगेशन ऑफ द गॉस्पेल या इंग्लंडच्या मिशनरी सोसायटीचे. आमच्या नगरकडे अजून असंच ओळखतात, कोण अमेरिकन लोकांच्या मराठी मिशनचे, कोण एसपीजीचे, 1970 साली नागपूरला सगळे एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तरी म्हाताऱ्यांच्या तोंडून ते जात नाही. गंमत म्हणजे मराठी मिशनवाल्यांचं हेड ऑफिस इथेच बॉस्टनला होतं, आणि पप्पा मात्र लंडनच्या एसपीजीचे. तुमचा चेहरा बदलला. तुम्ही सांगितलंत की बार्बाडोसला कॉड्रिंग्टनचे उसाचे मळे होते, 1710 साली मरताना मालकाने ते याच एसपीजीला दिले, गुलामांसकट. आणि त्या गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने डाग द्यायचे, 'सोसायटी' असा. चर्च ऑफ इंग्लंडने त्याबद्दल 2006 साली माफी मागितली, हेही तुम्हीच सांगितलंत.

पप्पांना ते फार लागलं. ज्या सोसायटीने आमच्या वाड्यात शाळा काढली, आमच्या पणजोबांच्या हातात पाटी दिली, तिनेच आधी दुसऱ्या कुणाच्या छातीवर आपलं नाव भाजलं होतं. ते तुम्हाला म्हणाले, मला माहीत नव्हतं. तुम्ही त्यांचा हात हातात घेतलात आणि म्हणालात, देव त्यांचा नव्हता, त्यांनी फक्त आणून पोचवला. मी हे वाक्य किती जणांना सांगितलंय काय सांगू.

आणि मग क्रिकेट! तुम्ही दोघं क्रिकेटवर आलात की आम्ही सगळे फालतू. तुमच्या वडिलांच्या पिढीतली वेस्ट इंडियन मंडळी फ्रँकलिन फील्डवर पांढरे कपडे घालून मॅच खेळायची, बेसबॉलच्या बॉस्टनमध्ये, हे ऐकून पप्पा लहान पोरासारखे खूश झाले. सोबर्स बार्बाडोसचा, वॉरेल बार्बाडोसचा. पप्पांनी मग 1962चं काढलं, ते तेव्हा शाळेत होते. बार्बाडोसला चार्ली ग्रिफिथचा बॉल नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, आपला कॅप्टन, मरणाच्या दारात, आणि रक्त द्यायला कोण पुढे आलं तर वेस्ट इंडिजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल. आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी, पॉली उमरीगर यांनीही दिलं. बोर्डे पुण्याचे, ख्रिस्ती, म्हणजे पप्पांच्या दृष्टीने घरचेच. पप्पा म्हणायचे, एका माणसाच्या अंगात पुण्याचं आणि बार्बाडोसचं रक्त एकत्र फिरलं, आता आपण पाव्हणे झालो की नाही. तुम्हाला ती गोष्ट आधीच माहीत होती, तरी तुम्ही पूर्ण ऐकलीत, प्रत्येक वेळी, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी.

मी हल्ली यावर फार विचार करते. चांगुलपणाचे मोठमोठे कार्यक्रम असतात, कमिट्या असतात, त्याचे फोटो निघतात. वॉरेलला कुणी कमिटीने पाठवलं नव्हतं. तुम्हालाही नाही. ज्यांच्या माघारी चर्चला धुरी दिली त्यांची नात उठते आणि नगर जिल्ह्यातल्या एका म्हाताऱ्याच्या शवपेटीजवळ नातेवाईक म्हणून बसते, आणि हे तिला खूप मोठं काही वाटतही नाही. मला वाटतं ते तुमच्या चर्चमध्ये शिकवलं गेलंय, तोंडाने नाही, शंभर वर्षं एकमेकांच्या मयताला जाऊन जाऊन.

त्या दिवशी खाली हॉलमध्ये तुम्ही लोकांनी जेवण मांडलंत, डाळ-भात मिळणार नाही म्हणून राइस अँड पीज केलेत, मॅकरोनी पाय होता, आणि कुणीतरी माझ्या लेकीला विचारत होतं की आजोबांना काय आवडायचं. मला तेव्हा बोलता आलं नाही. आता सांगते. त्यांना गोड फार आवडायचं, डॉक्टर नको म्हणायचे तरी, आणि तुम्ही दर रविवारी पर्समधून गुपचूप नारळाच्या ब्रेडचा तुकडा काढून द्यायचात हे मला माहीत होतं. मी मुद्दाम काही बोलले नाही. त्याबद्दलही थँक यू.

आमची नावं आम्ही तुमच्या चर्चला हलवलीत. छताच्या दुरुस्तीला मदत हवी असं तुमचे पाळक साहेब म्हणत होते, पप्पांच्या नावाने जे जमेल ते आम्ही देऊ, आणि हे वाचणाऱ्या नगरकर-पुणेकरांपैकी कुणी बॉस्टनला येणार असेल तर त्यांना मी तुमच्याकडेच पाठवणार. त्यांच्या बगलेत उपासना संगीत असेल तर एक गायन म्हणून घ्या.

भाऊ रोज विचारतो, त्या टोपीवाल्या आंटी कशा आहेत. गावाकडे वर्षश्राद्धासारखं नाही पण स्मरणाची भक्ती ठेवलीय, तिथे तुमचं नाव घेऊन प्रार्थना करणार आहेत, संपूर्ण मंडळी, तुम्हाला कधी न पाहिलेले लोक. त्याने तुम्हाला सलाम सांगितलाय, आणि व्हिसा झाला की पहिला रविवार तुमच्याकडे, असं म्हणालाय.

तुमची,
पप्पांची मुलगी