आधी रंगभूमी, मग पडदा

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला ‘साउंड ऑफ म्युझिक’वरचा लेख आवडीने वाचला. मात्र ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ हे गाणे १९६५ च्या चित्रपटासाठी रचले गेले, हे त्यातले विधान चुकीचे आहे. रिचर्ड रॉजर्स यांनी चाल दिलेले आणि ऑस्कर हॅमरस्टीन यांनी लिहिलेले हे पद मूळ नाटकातले. ते नाटक १६ नोव्हेंबर १९५९ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आले. नायिका मारिया झालेल्या मेरी मार्टिन आणि मठाच्या प्रमुख झालेल्या पॅट्रिशिया नेवे हे पद मठातल्या प्रवेशात दोघी मिळून गात. वादळाला घाबरलेली मुले मारियाच्या खोलीत जमतात, तो प्रसंग नाटकातही होता. पण तिथे ती मुलांना बकऱ्या राखणाऱ्याचे गाणे म्हणून दाखवी. चित्रपट करताना गाण्यांची जागा बदलली, वादळाच्या प्रसंगात हे पद आले आणि पडद्यावरच्या मारिया, ज्युली अँड्र्यूज यांच्या गोड गळ्यामुळे आधीचे सगळे झाकले गेले.

नाट्यपद म्हटले की ते पहिल्यांदा कोणी गायले, हे आपण हमखास विचारतो. तोच मान परक्या रंगभूमीलाही मिळावा, म्हणून हे पत्र.

चित्रपटाच्या आधीची आणखी एक गोष्ट लेखात यायलाच हवी होती. ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकन जॅझ वादक जॉन कोल्ट्रेन यांनी हे पद सोप्रानो सॅक्सोफोनवर ध्वनिमुद्रित केले. ते जवळजवळ चौदा मिनिटांचे आहे. मॅकॉय टायनर पियानोवर मोजकेच स्वरसमूह घेऊन फिरत राहतात, तबल्याच्या सोलोमागे लेहरा चालावा तसे. एल्विन जोन्स यांचे ड्रम्स तीन मात्रांच्या त्या सरळ चालीला आतून हलवत राहतात. त्यावर कोल्ट्रेन मुखडा घेतात, विस्तार करतात, पुन्हा मुखड्यावर येतात. कुत्रा चावला, मधमाशी डसली, असे शब्द असलेला चालीचा दुःखाचा भाग मूळ पदात चटकन येतो. इथे तो अगदी शेवटाकडे वाजतो. तोवर चाल खेळकर राहिलेली नसते, ती आर्त झालेली असते. ख्याल ऐकणाऱ्या कानांना ही बढत परकी वाटणार नाही. कोल्ट्रेन यांना आपल्या संगीताची ओढ होतीच. मुलाचे नाव त्यांनी रवी ठेवले, ते पंडित रविशंकरांवरून. हॅमरस्टीन मात्र ऑगस्ट १९६० मध्येच गेले. आपल्या शब्दांवाचून ही चाल कुठवर गेली, हे त्यांना ऐकायला मिळाले नाही, याची मला फार हळहळ वाटते.

पुढे कोल्ट्रेन हे पद मैफिलींत वाजवतच राहिले. १९६६ च्या जपान दौऱ्यात त्याचे एक वादन तासाभराच्या घरात गेले. जॅझ गायिका बेटी कार्टर यांनी ते गायले. गायक जॅक जोन्स आणि सुप्रीम्स या गायिकांच्या गटाने नाताळच्या तबकड्यांत घेतले आणि शब्दांत नाताळचा उल्लेखही नसताना ते नाताळचे गाणे होऊन बसले. २०१९ मध्ये पॉप गायिका एरियाना ग्रांडे यांच्या ‘सेव्हन रिंग्ज’ या गाण्यात हीच चाल आली, तेव्हा श्रेयात रॉजर्स आणि हॅमरस्टीन यांची नावे होती.

पुढच्या रविवारी चार ओळींची दुरुस्ती छापावी आणि तीत मेरी मार्टिन, पॅट्रिशिया नेवे ही दोन्ही नावे द्यावीत, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, पुणे