विचारमंथनाआधी कागद वाटा

मा. संपादक,

नवे आर्थिक वर्ष सुरू झाले की पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत विचारमंथनाच्या बैठकांना ऊत येतो. कार्यालयातल्या सभागृहात, किंवा ऐपत असेल तर लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवर, दहा-बारा जणांना बसवले जाते, एक जण मार्कर घेऊन फळ्यापाशी उभा राहतो आणि ‘मनात येईल ते बोला, इथे कोणतीच कल्पना चुकीची नाही’ असे जाहीर होते. अशा बैठकांनी ओळखी वाढतात आणि जेवणही बरे मिळते. मात्र नव्या कल्पना मिळवण्याचा हाच उत्तम मार्ग आहे, या समजुतीला फारसा आधार नाही.

ही पद्धत अमेरिकेतील जाहिरात व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑसबर्न यांनी रूढ केली. गटात बसल्यावर माणसाला एकट्याने विचार करताना सुचतात त्याच्या दुप्पट कल्पना सुचतात, असा त्यांचा दावा होता. येल विद्यापीठातील संशोधकांनी १९५८ साली तो पडताळून पाहिला, तेव्हा चित्र उलटे निघाले. स्वतंत्रपणे काम केलेल्या चार विद्यार्थ्यांच्या कल्पना, पुनरुक्ती वगळून एकत्र केल्या असता, एकत्र बसलेल्या चौघांच्या कल्पनांपेक्षा जवळजवळ दुप्पट भरल्या. पुढे १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या संशोधकांनी याचे मुख्य कारण दाखवून दिले, आणि ते अगदी साधे आहे: एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत सुचलेले धरून ठेवतात, त्यामुळे पुढचे सुचणे थांबते, आणि पाळी येईतो पहिलेही निसटते किंवा आता सांगण्याजोगे वाटत नाही.

आपल्याकडे यात साहेबांची भर पडते. माझी नोकरी वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात झाली. तेथे एका भागाचे रिजेक्शन, म्हणजे तपासणीत नाकारल्या जाणाऱ्या नगांचे प्रमाण, वाढले म्हणून अशीच बैठक बोलावण्यात आली होती. विभागप्रमुखांनी सुरुवातीलाच ‘मला तर मटेरियलचाच दोष दिसतो’ असे म्हटले आणि पुढचा तासभर फळ्यावर पुरवठादार, कास्टिंग, तपासणीचे प्रमाणपत्र हेच विषय वेगवेगळ्या शब्दांत उतरत राहिले. त्या मशीनवरचा ऑपरेटर शेवटच्या खुर्चीत गप्प बसून होता. चहाच्या वेळी मात्र त्याने माझ्या सहकाऱ्याला सहज सांगितले की फिक्स्चरच्या, म्हणजे भाग घट्ट धरणाऱ्या साच्याच्या, लोकेटिंग पिनखाली धातूची बारीक चिप अडकते, जॉब (घडवायचा भाग) केसभर वर उचलला जातो आणि भोक तिरके पडते. पाहिले तर तसेच होते. टीका करायची नाही, हा नियम त्या खोलीत पाळला गेला होता. पण साहेबांचे मत खोडून काढायला धाकट्याला नियमाची नव्हे, आडोशाची गरज असते. असा आडोसा कागद देतो.

म्हणूनच बैठकीआधी प्रत्येकाला विषय कळवून आपापल्या कल्पना लिहून आणायला सांगावे, आणि त्या नावे न सांगता वाचून दाखवाव्यात. बैठकीतच लिहायचे असेल तर जर्मनीत १९६८ मध्ये मांडली गेलेली एक पद्धत आहे: सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहायच्या, कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा आणि आधीचे वाचून त्यात भर घालायची. आपल्या अनेक कारखान्यांत कामगार कायझेनची, म्हणजे कामातल्या छोट्या सुधारणेची, सूचना कागदावर लिहून देतात. मग हीच सोय अभियंत्यांना, विक्री विभागाला आणि बँकेच्या शाखांना का नसावी?

एकत्र बसण्याला माझा विरोध नाही. आलेल्या कल्पनांतून निवड करणे, त्यांतली अडचण शोधणे, खर्चाचा अंदाज घेणे यांसाठी चर्चा हवीच, आणि तेथे टीकाही मोकळेपणाने व्हायला हवी. मात्र त्या चर्चेत सर्वांत वरिष्ठ व्यक्तीने सर्वांत शेवटी बोलावे, एवढे पथ्य व्यवस्थापनाने लेखी परिपत्रक काढूनच घालून द्यावे. तोंडी सांगितलेले साहेब दुसऱ्या बैठकीत विसरतात.

आपला,
एक निवृत्त उत्पादन अभियंता,
चिंचवड, पुणे