फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस मुका नव्हता

महोदय,

'फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस उलटला' हा अग्रलेखांतला ठरलेला दृष्टांत. त्यातला राक्षस मुका असतो आणि पुष्कळदा फ्रँकेन्स्टाइन हे त्याचेच नाव समजले जाते. ते नाव त्याला घडवणाऱ्या व्हिक्टरचे. मुकेपणा रंगभूमीवरून आला: १८२३ च्या लंडनमधल्या नाटकात त्याला बोलू दिले नाही, जाहिरातीत नावाच्या जागी नुसती रेघ मारली, १९३१ च्या चित्रपटाने ते पक्के केले.

मेरी शेली यांच्या कादंबरीत (१८१८) तो वकिलासारखा बोलतो. १८३१ च्या आवृत्तीतली ११ ते १६ ही प्रकरणे त्याच्याच तोंडची आहेत. आधी तो पाखरांची नक्कल करू पाहतो आणि आपल्याच घशातल्या आवाजाला भिऊन गप्प बसतो. मग द लेसी कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या खोपटात लपून, काही महिने ऐकून शब्द मिळवतो: विस्तव, दूध, पाव, लाकूड. 'चांगला', 'लाडका', 'दुःखी' हे कानावर पडतात, पण कुठे लावायचे ते कळत नाही. घरातल्या मुलाला तीन नावे: फेलिक्स, भाऊ, मुलगा. म्हाताऱ्याला एकच, 'बाबा'. याला हाक मारणारेच कोणी नाही.

पुढे फेलिक्स परदेशी सफीला शिकवतो, ते हा चोरून ऐकतो आणि तिच्याहून लवकर शिकतो. मग तो भेटायला जातो तेव्हा अंध म्हातारा विचारतो, बोलण्यावरून तुम्ही आमच्याच देशाचे वाटता, फ्रेंच का? उत्तर: नाही, पण फ्रेंच कुटुंबाकडून शिकलो, तेवढी एकच भाषा येते. डोळस मंडळी दारात येईपर्यंतच हे टिकते; फेलिक्स काठीने झोडपतो. (शेवटी जहाजावरच्या इंग्रज वॉल्टनशी तो कोणत्या भाषेत बोलतो, हे लेखिकेने सांगितलेले नाही.)

मराठी अनुवादकाची खरी अडचण सर्वनामांची. भूत, पिशाच्च नपुंसकलिंगी, राक्षस पुल्लिंगी. मूळ इंग्रजीतही तो पहिला श्वास घेतो तेव्हा 'ते' असतो, लगेच पुढे 'तो' होतो. सरसकट 'तो' लिहिले की हा बदल गेला. म्हाताऱ्याशी तो 'आपण' म्हणेल. व्हिक्टरशी? इंग्रजीत बहुतेक साधे 'यू' आहे, पण 'मी तुझीच निर्मिती' म्हणताना जुने, प्रार्थनेतले 'दाऊ' येते. मराठीत तिथे 'तू' हवे, पण भांडणातले अरेतुरे नव्हे. विठ्ठलाला म्हणतात ते.

– एक वाचक