आठवणी लिहा, पण संवाद बनवू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत नव्या लेखकांसाठी जे टिप्सचं सदर सुरू केलंय ते मी आवर्जून वाचतो, बऱ्याच गोष्टी पटतातही, पण एक गोष्ट सारखी खटकतेय म्हणून लिहितोय. दर वेळी सल्ला तोच, सांगू नका दाखवा, प्रसंग उभा करा, संवाद टाका, वास-आवाज-स्पर्श सगळं येऊ द्या. कथा-कादंबरीसाठी ठीकच आहे. पण हेच वाचून लोक आत्मकथनं आणि आठवणी लिहायला बसतात आणि मग काय होतं ते तुमच्याच पुरवणीत दिसतं. लेखक पाच वर्षांचा असताना घरात झालेलं भांडण, आणि त्यातली पंधरा-वीस वाक्यं अवतरणचिन्हांत जशीच्या तशी! कोण कुठल्या खुर्चीत बसलं होतं, कोणी कधी चष्मा काढून पुसला, सगळं हजर. अहो, आपल्याला काल फोनवर काय बोललो ते शब्दशः आठवत नाही.

कोणी म्हणेल एवढं काय त्यात, भावना खरी आहे ना. मला नाही पटत. ‘हे माझ्यासोबत घडलंय’ म्हटलं की वाचक शंका बाजूला ठेवून वाचतो आणि लेखाचा निम्मा परिणाम त्या विश्वासावर उभा असतो, तोच मजकूर कथा म्हणून छापला तर कदाचित कोणी पान उलटून पुढे जाईल. म्हणजे वजन खऱ्याचं घ्यायचं आणि मजकूर मनाने रचायचा, हे बरोबर नाही.

प्रसंग उभा करायला बनवाबनवी लागतेच असंही नाही. अमेरिकन पत्रकार जॉन हर्सीचं ‘हिरोशिमा’ घ्या, ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाने ३१ ऑगस्ट १९४६ चा अख्खा अंक त्याला दिला होता. अणुबॉम्बमधून वाचलेली सहा माणसं, सकाळी सव्वाआठला कोण नेमकं काय करत होतं तिथून सुरुवात, आणि वाचताना कादंबरीसारखं सरकतं. पण ते बारकावे त्याने डोक्यातून नाही काढले, तिथे जाऊन माणसांना विचारले. पुढे १९८० मध्ये त्याने एका लेखात साफ लिहिलं की पत्रकाराने काहीही रचायचं नाही, रचायचा परवाना कादंबरीकाराकडे. उलट अमेरिकन लेखक ट्रुमन कपोटी, एका कुटुंबाच्या खुनावरचं त्याचं ‘इन कोल्ड ब्लड’ (१९६६) पूर्ण खरं आहे असं सांगत राहिला आणि शेवटचा स्मशानातल्या भेटीचा प्रसंग त्याने रचलेला निघाला. गंमत म्हणजे मला पुस्तकातला सगळ्यात गुळगुळीत भागही तोच वाटतो. अमेरिकन लेखक जेम्स फ्रेचं तर माहीतच असेल, ‘अ मिलियन लिटल पीसेस’ हे २००३ चं आत्मकथन, त्यात तीन महिने तुरुंगात काढल्याचं लिहिलेलं, २००६ मध्ये ते खोटं निघालं आणि प्रकाशकाला वाचकांचे पैसे परत करायची तयारी दाखवावी लागली.

मग करायचं काय? माझं मत असं की जे वाक्य खरंच कानात राहिलंय, आणि एखाद-दुसरंच राहतं, तेवढंच अवतरणात ठेवा, बाकीचं भांडण आपल्या शब्दांत सांगा. ‘बाबा म्हणाले की आता बास’ असं सांगितलं म्हणून काही लेख मरत नाही, उलट त्यात सांगणाऱ्याचा आजचा आवाज येतो, तो राग अजून आहे की गेला हे कळतं. रचलेल्या संवादात नेमकं हेच हरवतं, सगळी माणसं लेखकासारखीच बोलायला लागतात. जुनी पत्रं, फोटो, डायरी काढून बघा. भावंडाला विचारा, त्याला तो दिवस वेगळाच आठवत असेल, मग भांडत बसू नका, दोन्ही लिहा, खरं मटेरियल तिथेच असतं. आणि आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ लिहायला काय हरकत आहे? ‘बहुतेक पाऊस असावा’ हेही चांगलं मराठी वाक्य आहे. आणि बाकी कशाचीच आठवण नाही पण दाराची कडी लख्ख आठवते, असं का, यावर एक अख्खा परिच्छेद होऊ शकतो.

कथेवाल्यांची चूक याच्या उलटी असते. कथा पटत नाही म्हटलं की उत्तर ठरलेलं, पण हे खरंच घडलंय! घडलं असेल हो, कथेत ते कामाचं नाही. आयुष्यात योगायोगाने संकट टळतं, पण कथेतलं पात्र ऐन वेळी योगायोगाने सुटलं की वाचक वैतागतो. योगायोगाने अडकलं तर चालतं त्याला. खरं घडलेलं कथेत आणायचं तर ते निर्दयपणे बदलावं लागतं, क्रम, माणसं, शेवटसुद्धा, आणि इथे कोणी हिशोब मागत नाही.

तर विनंती एवढीच की सदरात एकदा तरी कथा आणि आठवण वेगवेगळी काढून त्यावर लिहावं. आणि पुरवणीतल्या आठवणींमध्ये नावं बदलली असतील, दोन माणसांचं एक केलं असेल, मधली वर्षं गाळली असतील तर खाली एका ओळीत तसं छापावं. छापण्याआधी लेखकाला एक फोन करून विचारलं तरी काम होईल.

आपला,
एक नियमित वाचक