दत्ता, सदाच्या हाताबद्दल

साखळी, श्रावण

प्रिय दत्ता,

फोनवर सदाचं नाव काढलं की तू विषय बदलतोस, म्हणून लिहितोय. पत्र अर्ध्यावर टाकायची तुला सवय नाही.

सदाला झटका येऊन गेला. आता बरा आहे, चालतो, जेवतो, माझ्याशी भांडतोसुद्धा. पण नीट ऐक. आषाढ संपता संपता आरत्यांची तालीम सुरू केली होती. सदा मडक्याचं घुमट वाजवत होता, उजव्या हाताची थाप कातड्यावर ठीक पडत होती आणि मध्येच घुमटाचा आवाज सपाट झाला. बघतो तर मागच्या तोंडावरचा डावा हात घसरून मांडीवर पडलेला. तो उचलतोय आणि उचलत नाही. ओठाची डावी कड उतरलेली. “कांय जावंक ना रे,” काहीच झालं नाही म्हणाला, पण जीभ जड. शामेळ वाजवणारा पोरगा वाजवतच राहिला होता. अर्धा तास व्हायच्या आत सगळं जागेवर आलं, मूठ वळायला लागली, आणि हा म्हणतो, “चला, पुढची आरती घ्या!”

मी काही ऐकलं नाही. १०८ तोवर बोलावलेली होतीच. रडवेल्या वहिनीला सोबत घेतलं आणि बांबोळीचं सरकारी इस्पितळ गाठलं.

तिथे आधी बोट टोचून साखर बघितली, कारण साखर फार उतरली तरी एक बाजू अशीच लुळी पडते. मग सीटी स्कॅन. रक्तस्राव झालाय की गुठळी अडकलीय हे बाहेरून कळत नाही, आणि गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावात दिलं तर घातच. म्हणून घरी कुणी अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली नाही तेच बरं, असं डॉक्टर म्हणाल्या. एमआरआयमध्ये डाग दिसला नाही. मानेच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत मात्र चरबी साचलेली सापडली. उजवा मेंदू डावा हात चालवतो, तेव्हा हिशेब जुळला. गुठळी अडकली आणि आपोआप सुटली. याला टीआयए म्हणतात. ब्लडप्रेशरही बरंच वर होतं, आणि ते त्याने कधी मोजलेलंच नव्हतं. ऑपरेशन नको, पण रक्त पातळ ठेवायची, कोलेस्टेरॉलची आणि प्रेशरची गोळी रोज. विडी बंद.

खरी गोष्ट पुढे आहे. महिना व्हायच्या आत त्याने गोळ्या सोडल्या.

गावात प्रत्येकाने आपापलं निदान दिलं, आणि सदाने त्यातलं सोयीचं उचललं: झोपेत हात दबला. आता तालमीत बसून घुमट वाजवणारा माणूस झोपलेला कसा? खुर्चीच्या पाठीवर हात टाकून झोपल्यावर शीर दबते तेव्हा मनगट खाली लोंबतं, अंगठ्याच्या मागे बधिर होतं, आणि ते सुधारायला कधी आठवडे लागतात. ओठ वाकडा होत नाही, जीभ अडखळत नाही. मानेचा मणका म्हणावं तर कळ मानेतून बोटापर्यंत उतरते. मास्तरांचा भर बी-१२ वर. त्याच्या कमतरतेने दोन्ही पायांना मुंग्या येतात, पण महिनोन्महिने हळूहळू, एका क्षणात नव्हे. बाळूच्या मुलाला झालं होतं ते आठवतं ना? आधी जुलाब, मग दोन्ही पाय, मग चार दिवसांत हात, आणि शेवटी श्वासाची भीती. ते गियाँ-बारे, ते पायांकडून वर चढतं आणि दोन्हीकडे सारखं असतं. पोटॅशियम उतरलं तर सकाळी उठताना पाय उचलत नाहीत, पण चिमटा काढला तर कळतो. हे सगळं मी डॉक्टरांना एकेक करून विचारलं आणि त्यांनी न कंटाळता सांगितलं. एकाएकी, एकाच बाजूला, तोंडासकट गेलं तर आधी मेंदूच समजायचा. परत आलं तरीही. किंबहुना परत आलं की जास्त घाई करायची, कारण मोठ्या झटक्याचा धोका पहिल्या काही दिवसांतच सगळ्यात जास्त असतो.

ते दिवस टळले म्हणून सदा निर्धास्त आहे. “माझा हात सरकारी नोकर झालाय, मध्येच रजा टाकतो,” असं सांगून सगळ्या वाड्याला हसवतो. मला हसू येत नाही, दत्ता. मानेतली चरबी आहे तिथेच आहे.

तो बेफिकीर नाही, घाबरलाय. हे तुलाच कळेल. काकांच्या, सदाच्या वडिलांच्या, वेळी जीप तूच काढली होतीस. सकाळी पडलेला माणूस, तेल चोळत दुपार झाली, वैद्याची वाट बघत संध्याकाळ. गुठळीवरचं ते औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेव्हा आपल्याकडे ते मिळत होतं का, हा प्रश्न सदाने मला कधीच विचारला नाही. आता गोळी हातात घेतली की त्याला काका दिसत असणार. वडिलांचा आजार आपल्याला झालाय हे मान्य करण्यापेक्षा हात दबला म्हणणं सोपं.

माझं ऐकत नाही. वहिनीला तर खोटंच सांगतो. तुझं ऐकेल. म्हार्दोळच्या स्पर्धेत चाल कुणी तोडली यावरून तुमचं बोलणं बंद आहे हे मला माहीत आहे. चाल त्यानेच तोडली होती, मी तेव्हाही हेच म्हटलं होतं. मग आता तू जिंकलास म्हणून तरी ये! काकांच्या त्या रात्रीचं त्याच्याशी बोलू शकेल असा तुझ्याशिवाय कुणी उरला नाही.

तुझा गुडघा कसा आहे? पुण्यात पाऊस कमी म्हणे. सोनूचं अ‍ॅडमिशन झालं हे ताईकडून कळलं, फार आनंद झाला, तिला सांग. माझी तब्येत ठीक. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, छान दिसतं तिला.

चतुर्थीला दोन दिवस आधी ये, गर्दीत बोलणं व्हायचं नाही. गाडी कुठली ते कळव, थिवीला न्यायला येतो.

तुझा,
उल्हास