टनल समजावून सांगणाऱ्या ताईंना, मनापासून थँक्यू

ताई,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये. पण आभार मात्र सगळ्यांसमोरच मानायचेत, कारण त्या रात्री तुम्ही फोनवर दोन तास दिलेत आणि त्यात एकदाही मला असं वाटू दिलं नाहीत की मी तुमचा वेळ खातोय.

आईचं ऑपरेशन झालेलं, घर सोडता येत नव्हतं आणि माझं सगळं काम लॅबमधल्या लिनक्स मशीनवर. एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायची सोय) टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, घरून मिळत होतं पण इमेजेस मार्क करायचं सॉफ्टवेअर माउसशिवाय चालतच नाही, एसएसएच मायनस एक्स करून, म्हणजे तिथल्या प्रोग्रॅमची खिडकी घरच्या स्क्रीनवर आणून बघितलं तर एकेक मेन्यू उघडायला वाट बघा आणि नेट तुटलं की अख्खा प्रोग्रॅमच बंद, अर्ध्या दिवसाचं काम दोनदा गेलं. मग लॅबच्या मशीनवर व्हीएनसी सर्व्हर टाकला, म्हणजे तिथला अख्खा डेस्कटॉप घरून दिसेल आणि वापरता येईल, आणि तुम्हाला फोन केला की फायरवॉलमध्ये (बाहेरची कनेक्शन्स अडवणारी भिंत) त्याचा तेवढा पोर्ट, म्हणजे ज्या नंबरवर तो ऐकतो तो, उघडून द्या ना.

तुम्ही म्हणालात, "पोर्ट उघडणार नाही, पण तुझं काम आज रात्रीच सुरू करून देते." मी म्हटलं पासवर्ड आहे की, चांगला 14 अक्षरी. तुम्ही म्हणालात, "थांब, त्याचं सांगते नंतर."

मग तुम्ही मला कागदावर दोन चौकोन काढायला लावलेत, डावीकडे माझा लॅपटॉप, उजवीकडे लॅबचं मशीन. टनलची, म्हणजे एसएसएचच्या आतून लॅपटॉपच्या एका पोर्टपासून पलीकडच्या पोर्टपर्यंत सुरक्षित वाट काढायची कमांड माझ्याकडे आधीपासून होती, एसएसएच मायनस एल, मग 5901, लोकलहोस्ट, 5901, कुठूनतरी कॉपी केलेली, चार दिवस तीच मारत होतो. तुम्ही विचारलंत पहिला 5901 कुणाचा, मी म्हटलं माझ्या लॅपटॉपचा. बरोबर. आणि लोकलहोस्ट? मी म्हटलं तोही माझाच. "नाही रे, ते नाव पलीकडचं मशीन वाचणार आहे. तिथे उभं राहून लोकलहोस्ट म्हणजे ते मशीन स्वतः." ताई, चार दिवस मी नेमका इथेच अडकलो होतो आणि हे इतकं साधं करून कुणी सांगितलंच नव्हतं. वर तुम्ही पहिला आकडा मुद्दाम 5999 करायला लावलात, म्हणजे दोन टोकं वेगळी आहेत हे डोळ्यांना दिसावं.

तरी कनेक्शन रिफ्यूज्ड आलंच. टनल नीट लागलंय, फक्त पलीकडे त्या नंबरवर कुणी बसलेलं नाही, हे तुम्ही एरर वाचूनच ओळखलंत. मी सर्व्हर दोनदा चालू केला होता, पहिला कधीच पडलेला आणि जिवंत होता तो डिस्प्ले 2 वर, म्हणजे व्हीएनसीच्या 2 नंबरच्या डेस्कटॉपवर, त्याचा पोर्ट 5900 अधिक 2, 5902. शेवटचा आकडा बदलला आणि पासवर्डची खिडकी आली! तिथे तुम्ही म्हणालात, "आता फक्त पहिली 8 अक्षरं टाक." टाकली, आणि आत गेलो. व्हीएनसीचा तो जुना पासवर्ड 8 अक्षरांपुढे बघतच नाही, आणि लॉगिननंतर स्क्रीन, कीबोर्ड, सगळं बिनाएन्क्रिप्शन जातं, म्हणजे वाटेत कुणालाही वाचता येईल असं. पोर्ट का उघडला नाहीत ते मला त्या क्षणी कळलं, तुम्ही नुसतं नाही म्हणाला असतात तर मी मनात धरून बसलो असतो.

आत काय तर करडा पडदा आणि फुलीसारखा कर्सर. तुम्ही लॉग वाचायला लावलात, परमिशन डिनाइड, डेस्कटॉप सुरू करणाऱ्या एक्सस्टार्टअप फाइलला एक्झिक्युट (चालवायची) परमिशनच नव्हती, सीएचमॉड कमांडने ती दिली, सर्व्हर परत चालू केला, यावेळी फक्त लोकलहोस्टवर ऐकेल असा, म्हणजे बाहेरून थेट कुणी जोडू शकणार नाही, आणि एक्सएफसीईचा (लिनक्सवरचा एक हलका डेस्कटॉप) पडदा समोर आला. घरचं नेट स्लो म्हणून तुम्ही वॉलपेपर काढून साधा रंग ठेवायला सांगितलंत, 1920 बाय 1080 ची एक फ्रेम कच्ची पाठवली तर 8 एमबीच्या वर जाते, पण व्हीएनसी बदललेले चौकोनच पाठवतं त्यामुळे जितकं कमी हलेल तितकं बरं. तेवढ्याने लगेच फरक पडला.

दुसऱ्या दिवशी लाइट गेली, राउटर बंद. आधी असतं तर पोटात गोळा आला असता. लाइट आल्यावर टनल परत लावलं तर सॉफ्टवेअर तसंच उघडं, अर्धवट मार्क केलेल्या इमेजसकट, कारण सेशन पलीकडे चालूच होतं. तीन आठवडे आईच्या खोलीत बसून काम केलं, तिला औषध द्यायला उठलो की जिथे सोडलं तिथूनच परत सुरू.

आई आता हळूहळू चालायला लागलीये, मी सोमवारपासून लॅबमध्ये येतोय. दोन चौकोनांचा तो कागद जपून ठेवलाय, येताना घेऊन येतो.

तुमचा ज्युनिअर