‘क्षारयुक्त’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या जमिनी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत थरच्या वाळवंटातील शेतीवर आलेला लेख मी आस्थेने वाचला. तिथल्या शेतकऱ्याच्या कष्टांविषयी लेखकाने जे लिहिले आहे ते मनापासून लिहिले आहे, यात शंका नाही. मात्र लेखात तिथली माती आरंभापासून अखेरपर्यंत ‘क्षारयुक्त’ म्हटली आहे आणि जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे खनिज, घालून ती सुधारता येईल, असे सुचवले आहे. मृदा सर्वेक्षणाच्या कामात माझी बरीच वर्षे गेली, त्यातली काही पश्चिम राजस्थानात. त्या अनुभवाच्या आधारे सांगतो की थरच्या बहुतांश जमिनीला ही दोन्ही विधाने लागू होत नाहीत. हा मुद्दा केवळ परिभाषेचा असता तर मी आपला वेळ घेतला नसता. जमिनीचे नाव चुकले की उपायही चुकतो, आणि त्याचा खर्च शेतकऱ्याच्या खिशातून जातो.

गोंधळाचे एक मूळ भाषेत आहे. आपल्या कृषी परिभाषेत क्षार म्हणजे पाण्यात विरघळणारी लवणे; त्यामुळे क्षारयुक्त जमीन म्हणजे खारवट जमीन. हिंदीत मात्र अशा जमिनीला ‘लवणीय’ म्हणतात, आणि ‘क्षारीय’ हा शब्द सोडियममुळे बिघडलेल्या, म्हणजे आपण जिला विम्ल किंवा चोपण म्हणतो त्या जमिनीसाठी राखून ठेवलेला आहे. राजस्थानातील एखादा हिंदी अहवाल मराठीत आणताना ‘क्षारीय’चे ‘क्षारयुक्त’ झाले की एका रोगाचे नाव दुसऱ्या रोगाला चिकटते. त्यात भर म्हणजे वाळवंटातील सर्वांत मोठ्या क्षेत्रावरची जमीन या दोन्हींपैकी कोणतीच नसते. तिच्यातला दोष, त्याला दोष म्हणायचेच असेल तर, चुन्याचा असतो. मीठ, धुण्याचा सोडा आणि चुना या तीन वस्तू घरातल्या कोणालाही वेगवेगळ्या ओळखता येतात. खारवट, चोपण आणि चुनखडीची जमीन यांच्यातला फरकही मुळात तेवढाच स्पष्ट आहे.

थरमधील वाळूच्या टेकड्यांना तिथले लोक धोरे म्हणतात. दोन धोऱ्यांमधल्या सपाट जमिनीत खड्डा खणला की वरची हात-दीड हात माती पिवळसर तपकिरी, रेताड आणि मुठीतून निसटून जाणारी लागते. त्याखाली पांढरट ठिपके दिसू लागतात, मग चुनखडीचे खडे, ज्यांना तिकडे कांकर म्हणतात, आणि काही ठिकाणी हे खडे एकमेकांना इतके घट्ट जोडलेले असतात की पहारीशिवाय पुढे जाता येत नाही. या थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले की माती फसफसते. ते फसफसणे म्हणजे चुन्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड वायू. सामू (पीएच) तपासला तर तो साधारण ८ ते ८.५ च्या दरम्यान येतो. चुनखडी, पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड यांचा समतोल साधला की सामू ८.३ च्या आसपास स्थिरावतो, हा रसायनशास्त्राचा साधा नियम आहे. त्यामुळे केवळ चुन्यामुळे सामू वाढलेली जमीन या मर्यादेच्या फार पुढे जात नाही.

हा चुना तिथे का राहतो, याचे उत्तर पावसात आहे. कोकणात धो धो पाऊस जमिनीतला चुना धुऊन समुद्राला नेतो, म्हणून तिथली जांभ्याची माती आम्लधर्मी असते. जैसलमेरला वर्षाचा सरासरी पाऊस २०० मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि बाष्पीभवनाची ओढ त्याच्या कितीतरी पट. पाणी थोडे खाली जाते आणि तिथेच आटते. ज्या पदार्थाची विद्राव्यता सर्वांत कमी, तो सर्वांत आधी थांबतो: वर चुनखडी, तिच्याखाली जिप्सम, आणि मिठासारखी लवणे आणखी खोल किंवा सखल भागात, जिथे पाणी साचून आटते. सांभर, डीडवाना आणि पचपदरा इथली मिठागरे याच क्रियेची देणगी आहेत. एका खड्ड्याच्या भिंतीवर पावसाचा हजारो वर्षांचा हिशेब असा उभा वाचता येतो. वाऱ्याने आलेल्या धुळीतूनही बराच चुना या मातीत मिसळत राहतो, ही त्यातली आणखी एक बाजू.

वाळवंटी मातीचे वर्गीकरण नेमके याच थरांवर उभे आहे. अमेरिकन मृदा वर्गीकरण पद्धतीत, जी आपल्याकडेही वापरली जाते, कोरड्या प्रदेशातील आणि निदान एखादा थर विकसित झालेल्या मातींचा ‘ॲरिडिसॉल’ हा स्वतंत्र गण आहे. ज्यांत अजून कोणताच थर घडलेला नाही त्या धोऱ्यांच्या वाळूला त्यात जागा नाही. ती ‘एंटिसॉल’ गणात जाते. ॲरिडिसॉलचे उपगण थराच्या स्वरूपावरून पडतात: चुनखडीचा थर असेल तर कॅल्सिड, जिप्समचा असेल तर जिप्सिड, लवणांचा असेल तर सॅलिड, चिकणमाती खाली उतरून साठली असेल तर आर्जिड. याशिवाय आणखी तीन आहेत. नुसते पांढरे ठिपके दिसले म्हणून चुनखडीचा थर मानत नाहीत. तो किमान १५ सेंटिमीटर जाड असावा लागतो आणि सर्वसाधारणपणे त्यात किमान १५ टक्के चुना असावा लागतो. सोडियमने बिघडलेल्या वाळवंटी मातीला मात्र या पद्धतीत वेगळा उपगण नाही. ती आर्जिडच्या पोटात ‘नॅट्रार्जिड’ म्हणून येते, आणि माझ्या मते हे तिचे महत्त्व झाकणारे आहे. आंतरराष्ट्रीय संदर्भ पद्धतीत सोलोनेट्झ आणि सोलोनचाक ही जुनी रशियन नावे कायम ठेवून चोपण आणि खारवट मातींना स्वतंत्र मुख्य गट दिले आहेत, ते मला अधिक पटते.

आता जिप्समविषयी. चोपण जमिनीत मातीच्या बारीक कणांना सोडियम चिकटलेला असतो. तो प्रमाणाबाहेर गेला की कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात पसरतात, मातीतली छिद्रे बुजतात. वरून पाणी जिरत नाही आणि वाळल्यावर ढेकूळ दगडासारखे होते. सोडियम कार्बोनेटमुळे सामू ९, कधी १० च्याही वर जातो आणि सेंद्रिय पदार्थ विरघळून पृष्ठभागावर काळसर थर येतो. कॅलिफोर्नियातील अशा ‘काळ्या’ जमिनींवर जिप्सम हा उपाय मृदाशास्त्रज्ञ ई. डब्ल्यू. हिलगार्ड यांनी एकोणिसाव्या शतकातच सुचवला होता. जिप्सममधले कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवते आणि तयार झालेले सोडियम सल्फेट पाण्याबरोबर खाली निघून जाते. चुनखडीच्या जमिनीत हटवायला सोडियम नसतोच, कणांवर आधीपासून कॅल्शियमच असते. तिथे जिप्समने सामू उतरत नाही. भुईमुगाला गंधक आणि कॅल्शियम मिळावे म्हणून जिप्सम देतात, ती गोष्ट निराळी.

मराठवाड्यातील माझ्या एका नातलगाच्या मोसंबीच्या बागेत काही वर्षांपूर्वी केवडा आला होता. पानांच्या शिरा हिरव्या आणि शिरांमधला भाग पिवळा. माती तपासणीच्या अहवालात सामू ८.३ आणि पुढे ‘क्षारयुक्त’ असा शेरा होता. त्या शब्दावरून दुकानदाराने जिप्सम सुचवले आणि ओळीने तीन हंगाम पैसे मातीत गेले. मी खड्डा खणायला लावला तेव्हा दोन फुटांखाली चुनखडीचा पांढरा थर निघाला. चुन्यामुळे लोह, जस्त आणि स्फुरद पिकाला मिळेनासे होतात. तिथे गरज होती ती चिलेटेड लोहाची, म्हणजे चुनखडीच्या जमिनीतही पिकाला घेता येईल अशा रूपातल्या लोहाची, सेंद्रिय खताची आणि मुळात लागवडीपूर्वी मुक्त चुन्याचे प्रमाण तपासण्याची. त्या शेऱ्यात कोणाचा वाईट हेतू नव्हता. एक ढोबळ शब्द वापरण्याची सवय, एवढेच त्याचे कारण.

थरमध्ये चोपण जमीन नाहीच, असे मला म्हणायचे नाही. पाली आणि नागौर या भागांत कित्येक विहिरींच्या पाण्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांचे प्रमाण कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा बरेच जास्त असते. अशा पाण्याने वर्षानुवर्षे सिंचन केलेली चांगली जमीन चोपण होते, आणि तिथे जिप्सम खरोखरच उपयोगी ठरते. पाली जिल्ह्यातील खारची गावावरून नाव पडलेला ‘खारचिया’ गहू याच परिसरातला. क्षार सोसणाऱ्या वाणांच्या पैदाशीत जगभर त्याचा उपयोग केला गेला आहे. उलट जैसलमेरकडे पालीवालांनी रूढ केलेल्या खडीन पद्धतीत पावसाचे पाणी बांधाआड अडवून जिरवतात, त्याबरोबर लवणेही खाली जातात आणि त्याच ओलीवर गहू-हरभरा येतो. शेतकऱ्याच्या नजरेने केलेले हे जमिनीचे वर्गीकरणच आहे.

जमिनीखालच्या थराकडे दुर्लक्ष केल्याची किंमत मात्र हनुमानगड आणि सुरतगड परिसराने मोजली. आजच्या इंदिरा गांधी कालव्याचे, तेव्हाच्या राजस्थान कालव्याचे, पाणी १९६१ मध्ये सुटले. रेताड जमिनीत पाणी भराभर जिरले. पण काही मीटर खाली जिप्समचा, चुनखडीचा किंवा घट्ट मातीचा थर असेल तिथे ते अडले, भूजल वर चढले आणि खोल झोपलेली लवणेही त्याच्याबरोबर वर आली. घग्गर नदीच्या पुराचे पाणी धोऱ्यांमधल्या खोलगटांत सोडल्याने बडोपलसारख्या गावांभोवती यात भर पडली. या पाणथळीला तिकडे ‘सेम’ म्हणतात. आपल्या उसाच्या पट्ट्यातला शेतकरी तिला चिबड म्हणेल. तिथे दोष वाळवंटी मातीचा नव्हता. तिच्या पोटात काय आहे, हे पाणी सोडण्यापूर्वी पुरेसे पाहिले गेले नाही.

महाराष्ट्राचा संबंध इथे येतो. राष्ट्रीय पातळीवरील अंदाजानुसार आपल्या राज्यात क्षारबाधित जमीन सुमारे ६.०७ लाख हेक्टर असून त्यातली सुमारे ४.२३ लाख हेक्टर चोपण आहे, म्हणजे खारवटीपेक्षा चोपणच दुपटीहून अधिक. तरीही बातम्यांत सर्रास ‘क्षारपड’ हा एकच शब्द येतो. विदर्भात पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या काळ्या मातीत तर आणखी एक गुंतागुंत आहे. कणांना चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण १५ टक्क्यांच्या पुढे गेले की जमीन चोपण मानायची, हा निकष अमेरिकेतील रिव्हरसाइडच्या प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दिला. आपल्या मृदाशास्त्रज्ञांना मात्र खोल काळ्या जमिनीत त्याच्या बरेच आधी पाण्याचा निचरा मंदावलेला आढळला आहे. कोरड्या हवामानात खालच्या थरात चुना तयार होत जातो, कॅल्शियम त्यात अडकते आणि कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. वाळवंटात चालणारी क्रिया वाळवंटाबाहेर, आपल्या कापसाच्या शेताखाली, संथपणे चालू असते.

म्हणून माझी एक मागणी आहे आणि ती आपल्या दैनिकाने उचलून धरावी, अशी विनंती आहे. मृदा आरोग्य पत्रिकेची योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी त्याच सुरतगडला सुरू झाली. पत्रिकेत १२ घटक तपासले जातात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. त्यांत ना मुक्त चुना आहे, ना कणांना चिकटलेला सोडियम. म्हणजे ज्या दोन आकड्यांवरून चुनखडीची जमीन आणि चोपण जमीन वेगळी ओळखता येते, तेच दोन शेतकऱ्याच्या हाती पडत नाहीत. सगळ्या देशात नसले तरी सामू ८.२ च्या वर आढळेल तिथे हे दोन घटक तपासणे सक्तीचे करावे. चुन्याची चाचणी स्वस्त आणि सोपी आहे. सोडियमच्या चाचणीला थोडा अधिक खर्च येईल. तीन हंगामांच्या जिप्समपेक्षा तो कमीच असेल.

तोवर शेतकऱ्याने एक गोष्ट घरीही करून पाहावी. काचेच्या पेल्यात पावसाचे स्वच्छ पाणी घेऊन त्यात मातीचा वाळलेला छोटा खडा हलकेच सोडावा आणि पेला न हलवता काही तास ठेवावा. खडा नुसता फुटून तळाशी बसला आणि पाणी नितळ राहिले तर चोपणपणाची शंका कमी. खड्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरला आणि तो बसेनासा झाला, तर माती पदरी बांधून प्रयोगशाळेत जावे आणि सोडियमची तपासणी मागून घ्यावी. आपल्या वार्ताहरांनीही यापुढे ‘क्षारयुक्त’ लिहिण्यापूर्वी जमीन खारवट आहे, चोपण आहे की चुनखडीची, एवढे विचारून घ्यावे, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मृदा सर्वेक्षक, नागपूर